अकरा घरांचा आजोबा

कोळंबेवाडी घोटीपासून बारा किलोमीटर आत आहे. नर्सिंग कॉलेजच्या बसला नाशिकच्या द्वारका चौकातून तिथे पोचायला दीड तास लागायचा. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी बावीस मुली तिथल्या उपकेंद्रासमोर उतरल्या, आणि बस दिसताच गावातली म्हातारी माणसं एकेक करून शेताकडे चालू लागली.

मुलींना वाटलं, काही काम निघालं असेल. खरं कारण उपकेंद्राच्या नर्स निकिताताईंनी सांगितलं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजच्या मुली आल्या होत्या. सरावासाठी त्यांनी म्हाताऱ्यांच्या बोटांना इतक्या सुया टोचल्या, की एका आजीला आठवडाभर भाकरी थापता आली नव्हती. तेव्हापासून पांढरा एप्रन दिसला की साठीच्या पुढचं माणूस गावात थांबत नव्हतं.

"तीनला तुमची बस गेली की येतील परत," निकिताताई म्हणाल्या. "जेवण बरोबर नेतात ते."

या बावीस मुलींत उजमा शेख होती. द्वारकेला तिच्या अब्बांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे हे ते सीटकव्हर बसवायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. उजमा स्वतः कमी बोलायची आणि दिलेलं काम जसं सांगितलं तसंच करायची. तिच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघायच्या.

काम असं होतं. प्रत्येक मुलीला एक घर मिळणार. चार आठवडे रोज त्या घरी जायचं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची, आरोग्याचा सल्ला द्यायचा आणि चौसष्ट पानांची कुटुंब-वही भरायची. गरोदर बाईचं पान वेगळं, पाच वर्षांखालच्या मुलाचं वेगळं, म्हाताऱ्या माणसाचं वेगळं. शिक्षिका तृप्ती मॅडम यांनी उपकेंद्राच्या पायरीवर उभं राहून एकच सूचना दोनदा दिली. "पान कोरं ठेवायचं नाही. 'निरंक' लिहायचं नाही. कोरं पान म्हणजे मुलगी घरी गेलीच नाही, असं परीक्षक धरतात."

उजमाला घर क्रमांक एक्केचाळीस मिळालं. त्या घरात एकच माणूस राहत होता.

सावळीरामबाबांचं वय चौऱ्याहत्तर. उभी हयात भाताच्या मिलमध्ये गेली होती आणि तिथल्या पट्ट्याने त्यांच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी नेली होती. बायको नवसाबाई चार वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नव्हतं. बाकीच्या म्हाताऱ्यांसारखे ते शेतावर गेले नव्हते, कारण त्यांना शेत नव्हतं. शिवाय आपल्या घरी कोणीतरी येणार आहे असं त्यांना निकिताताईंनी सांगितलं होतं. त्यांनी अंगण झाडून ठेवलं होतं आणि शेजारच्या कुसाबाईंकडून एक खुर्ची मागून आणली होती.

उजमाने त्यांचा रक्तदाब पाहिला. एकशे साठ, चौऱ्याण्णव. तिने तो लिहिला. मग ती पुढची पानं उलटत राहिली आणि बाबा तिच्याकडे पाहत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, यात किमान चार माणसं लागतात."

"कशाला?"

"कुटुंबाची सगळी पानं भरायला."

बाबांनी थोडा विचार केला. "एकटा माणूस कुटुंब नाय व्हत का?"

उजमाने पहिल्या पानावरची व्याख्या वाचून दाखवली. एका छपराखाली राहणाऱ्या आणि एका चुलीवर जेवणाऱ्या दोन किंवा अधिक व्यक्ती.

"मग मी काय हाय?" बाबा म्हणाले. ते रागावून विचारत नव्हते. वहीत असेल तर बघ, अशा सुरात विचारत होते. उजमाने शोधलं. वहीत त्यासाठी शब्द नव्हता.

संध्याकाळी बसमध्ये ती तृप्ती मॅडमच्या शेजारी जाऊन बसली. "मॅडम, मला दुसरं घर मिळेल का?"

"यादी सही होऊन वर गेली."

"पण माझ्या घरात ना गरोदर बाई आहे, ना लहान मूल."

"चार आठवडे आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांना नेमकं काय सुचवायचं होतं हे उजमाला कळलं नाही. मॅडमनाही बहुतेक कळलं नसावं, कारण त्यांनी लगेच डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मार्ग निघाला तो साक्षीमुळे. साक्षी उजमाची बाकावरची मैत्रीण. तिला शेजारचं चाळीस नंबरचं घर मिळालं होतं, कुसाबाईंचं. त्या घरात मुलगा, गरोदर सून, तीन वर्षांची नात असं सगळं होतं. पण कुसाबाई स्वतः पहाटेच खळ्यावर निघून जात. म्हाताऱ्या माणसाची सहा पानं कोरी पडत होती.

"मला एक तासासाठी बाबा दे," साक्षी डबा खाता खाता म्हणाली. "मी तुला सून आणि नात देते."

उजमाला ते पटलं नाही. पण सावळीरामबाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते लगेच उठले. काल या मुलीची पानं आपल्यामुळे वाया गेली, ही गोष्ट त्यांना रात्रभर लागून राहिली होती. त्यांनी टोपी घातली आणि साक्षीबरोबर शेजारी जाऊन ओट्यावर बसले. कुसाबाईंच्या सुनेने चहा केला. साक्षीने रक्तदाब पाहिला, एकशे साठ, चौऱ्याण्णव, आणि 'नात्या'पुढे लिहिलं: आजोबा.

यात खोटं काय होतं, हे नंतर कोणालाही नीट सांगता आलं नाही. रक्तदाब खरा होता. सल्ला खरा होता. बाबा त्या छपराखाली बसले होते आणि त्या चुलीवरचा चहा प्याले होते.

बातमी बसमध्ये पसरली. गुरुवारपर्यंत बाबांना सहा घरांतून मागणी आली, पुढच्या सोमवारी त्यांचं स्वतःचं घर धरून आकडा अकरावर गेला. प्रत्येक मुलीची तीच अडचण होती: घरातलं म्हातारं माणूस शेतावर, आणि सहा पानं कोरी. मुलींनी वेळापत्रक केलं. साडेनऊला घर क्रमांक नऊ, दहाला बारा, साडेदहाला सतरा, असं करत अडीचला बाबा पुन्हा एक्केचाळीसमध्ये. वह्या एकसारख्या दिसू नयेत म्हणून वयं थोडी मागेपुढे लिहिली गेली. बारा नंबरमध्ये ते सत्तरचे होते, सतरा नंबरमध्ये अठ्ठ्याहत्तरचे. नऊ नंबरमध्ये ब्याऐंशीचे होते, आणि त्या घरात शिरताना ते जरा वाकून चालायचे.

बाबांनी हे काम फार मनावर घेतलं. प्रत्येक घरातली नावं त्यांनी पाठ केली. बारा नंबरच्या दाराचं बिजागर निखळलं होतं, ते त्यांनी बसवलं. सतरा नंबरच्या दोन जावा दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाबा तिथे दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला च्या कोण देणार?" दोघी एकदम म्हणाल्या, "मी." मग कोणी द्यायचा हे ठरवायला त्यांना बोलावं लागलं. घरातल्या लोकांना सुरुवातीला गंमत वाटली. मग सवय झाली. साडेदहाला बाबा आले नाहीत तर सतरा नंबरमधून कोणीतरी बारा नंबरमध्ये बघायला जायचं.

"आमच्याकडची येळ झाली," ते दारातून सांगायचं. बाबा लगबगीने उठायचे.

उजमाची वहीही भरत आली. कुसाबाईंची सून रोज अकराला तिच्याकडे यायची, एक्केचाळीस नंबरच्या ओट्यावर बसायची, आणि बाराला स्वतःच्या घरी जाऊन तीच तपासणी साक्षीकडून करून घ्यायची. "दोघींत कोणाचं बाळ मोठं हाय?" तिने एकदा विचारलं. साक्षीच्या वहीत बाळाची वाढ चोवीस आठवड्यांची होती, उजमाच्या वहीत सव्वीस.

तिसरा आठवडा संपता संपता उजमाच्या लक्षात आलं, की बाबा सारखे पाणी पितात. अडीचला घरी आले की पहिल्यांदा दोन तांबे पाणी, मग मोरीकडे. मग पुन्हा पाणी. एकदा ओट्यावर चढताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी खांब धरला.

"बाबा, आज किती चहा झाले?"

"नऊ. एक घर राहिलं, जेवायच्या येळेला गेलो म्हणून."

"साखर घालून?"

"आजोबाला फिका च्या कोण देतं?" बाबा म्हणाले. "मॅडम बघायला आली तर घरच्यांना कसं वाटंल?"

या अकराही घरांच्या भिंतींवर मुलींनी आहाराचे तक्ते चिकटवले होते. मीठ कमी, तेल कमी, साखर बंद. प्रत्येक तक्ता बाबांसाठी होता आणि बाबा प्रत्येक तक्त्याखाली बसून चहा पीत होते.

रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या मोजून मिळत. एका घराला एक. बाकीच्या मुलींनी आपापली पट्टी घरच्या बाईसाठी वापरली होती आणि आजोबांच्या पानावर पुस्तकातली नेहमीची संख्या टाकली होती: एकशे दहा. उजमाची पट्टी शिल्लक होती. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी तिने बाबांचं बोट पुसलं, सुई टोचली. मशीनने तीनशे बारा दाखवले.

तिने तो आकडा दोनदा वाचला. मग ती गावभर फिरून प्रत्येक मुलीला सांगून आली. चहा बंद करा.

"आमच्याकडे एकच कप होतो," नऊ नंबरची मुलगी म्हणाली. "एक चालतो असं पुस्तकात आहे."

बारा नंबरच्या मुलीनेही तेच सांगितलं. सतरा नंबरच्या मुलीने तर वही उघडून दाखवली: 'आजोबांचा चहा दिवसाला एक कपावर आणला.' कोणीच चुकीचं बोलत नव्हतं. उजमा भर उन्हात गावातून चालत आली तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, पण कोणावर रडायचं हे तिला ठरवता येईना.

निकिताताईंनी बाबांना दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणायचं कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी केंद्रातले डॉक्टर सापडले नाहीत, कारण ते कोळंबेवाडीच्याच कामात होते.

झालं होतं असं. तृप्ती मॅडमनी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळ्या वह्यांमधले आकडे एकत्र करून आरोग्य केंद्राला पाठवले होते. बावीस घरांपैकी अकरा घरांत वृद्ध पुरुष. अकराही जणांना उच्च रक्तदाब. अकराही जणांचा रक्तदाब जवळपास सारखा. आणि 'शरीरावरील ठळक खुणा' या रकान्यात अकराही मुलींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: डाव्या हाताची करंगळी अर्धी.

आरोग्य केंद्राने तो कागद पुढे पाठवला. पुढच्यांनी तो आणखी पुढे पाठवला. एका लहानशा वाडीत अकरा म्हातारे, सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला, सगळ्यांची एकच करंगळी अर्धी, ही साधी गोष्ट नव्हती. पाण्यात काही आहे का, मातीत काही आहे का, की हे घराण्यात चालत आलंय, हे शोधायला एक पाहणी पथक यायचं ठरलं. त्याच आठवड्यातल्या बुधवारी.

मुलींना हे मंगळवारी परतीच्या बसमध्ये कळलं. मग साक्षी म्हणाली, "बाबा फिरतील. पथक नऊ नंबरमध्ये असेल तेव्हा बाबा नऊमध्ये. ते बाराकडे निघाले की बाबा मागच्या गल्लीतून बारामध्ये."

"त्यांची साखर तीनशे बारा आहे," उजमा म्हणाली. "ते पळणार नाहीत."

ती उठून तृप्ती मॅडमकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. मॅडम खिडकीतून बाहेर पाहत ऐकत होत्या.

"तपासण्या खऱ्या आहेत ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो मॅडम. साखर सोडून."

"माणूस खरा आहे?"

"एक आहे."

"मग घाबरायचं काय?" मॅडम म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा घाबरलेला होता, आणि त्यांनी उजमाचा हात घट्ट धरला होता.

बुधवारी सकाळी दोन गाड्या आल्या. एकीत पथकाचे प्रमुख डॉक्टर आणि दोन सहायक, दुसरीत आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या. घरोघरी जायला वेळ नव्हता, म्हणून डॉक्टरांनी शाळेच्या ओसरीवर अकरा खुर्च्या मांडायला सांगितल्या. मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गावातले लोक समोर जमले. पथक कशाला आलंय हे कळल्यामुळे त्या दिवशी शेतावर गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी काही जण लांब बांधावरून बघत होते.

सावळीरामबाबा धुतलेलं धोतर नेसून आले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. बाकीच्या दहा खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाकीचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतील," कोणीतरी मागून म्हणालं.

डॉक्टर चष्मा लावून कागदात बघत होते. त्यांनी पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला, करंगळी पाहिली, सहायकाला आकडे सांगितले. "घर क्रमांक नऊ. वय ब्याऐंशी. एकशे अडुसष्ट, शहाण्णव. पुढचे."

बाबा उठले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. वाकायचं थांबवून त्यांनी पाठ सरळ केली, कारण आता ते सत्तरचे होते.

"घर क्रमांक बारा," डॉक्टर म्हणाले. पट्टा बांधला. करंगळी पाहिली. मान हलवली. "तंतोतंत तीच जखम. पुढचे."

बाबा तिसऱ्या खुर्चीवर बसले. पट्ट्यात भरणाऱ्या हवेचा आवाज ओसरीवर सगळ्यांना येत होता. चौथ्या खुर्चीवर डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, आकडे सांगितले, आणि मग त्यांना धोतराची किनार ओळखीची वाटली. त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही मघाशी तिकडे होता का?"

"हां," बाबा म्हणाले. "मघाशी मी नऊ नंबरच्या कोंडाजीकडचा व्हतो. आता मी ह्यांच्याकडचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भिंतीला टेकलेल्या बावीस मुलींकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. उजमा पुढे आली.

"सर, हे एकच आहेत," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं: वहीतली चार माणसं, कोरी पानं, सुयांना भिऊन शेतावर जाणारे म्हातारे, वेळापत्रक, चहा. तिने काही गाळलं नाही. सून आणि नात आपणही उसनी घेतली होती, हेही सांगितलं. "आणि यांची साखर तीनशे बारा आहे, सर. सोमवारी दुपारची. मंगळवारी यांना केंद्रात नेलं होतं, पण तिथे कोणी नव्हतं."

"सोमवारी आणि मंगळवारी मी या पथकाची तयारी करत होतो," आरोग्य केंद्राचे डॉक्टर मागून हळू आवाजात म्हणाले.

प्रमुख डॉक्टरांनी अकरा वह्या मागवून घेतल्या आणि साखरेची पानं उघडली. एकशे दहा. एकशे दहा. एकशे आठ. एकशे दहा. अकराव्या वहीपाशी ते थांबले.

"एका माणसाला अकरा जणींनी तीन आठवडे रोज तपासलं," ते म्हणाले, "आणि साखर एकीनेच पाहिली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं साक्षी नंतर म्हणाली. ते ओरडले नाहीत. त्यांनी बाबांची साखर तिथेच पुन्हा पाहिली, पाय तपासले, डोळे तपासले, गोळ्या लिहून दिल्या आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्या आजच द्यायला सांगितल्या. मग त्यांनी घड्याळात पाहिलं आणि सहायकाकडे वळले. सहायक टॅबवर बोट फिरवत होता.

"सर, अकरा नावं आधीच भरलेली आहेत. सात जणांची तपासणी बाकी दाखवतोय. ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

डॉक्टरांनी उरलेल्या सात खुर्च्यांकडे पाहिलं. "बाबा," ते म्हणाले, "थकला नाहीत ना?"

"नाय. बसायचंच हाय."

मग बाबा एकेका खुर्चीवर बसत गेले आणि डॉक्टर पट्टा बांधत गेले. आता ते बाबांशी बोलतही होते. मिलमधलं काम कसं असायचं, करंगळी कधी गेली, घरी स्वयंपाक कोण करतं. अकराव्या खुर्चीपर्यंत रक्तदाब एकशे बेचाळीस, शहाऐंशीवर आला होता. टॅबने पुढचं पान उघडलं. त्यावर निष्कर्ष विचारला होता. डॉक्टरांनी सहायकाला लिहायला सांगितलं: 'शांतपणे बसवून गप्पा मारल्यास रक्तदाब कमी होतो.' पाण्याच्या बाटल्या भरून झाल्याच होत्या, त्या तशाच गाडीत गेल्या.

कोणाला शिक्षा झाली नाही, कारण शिक्षेसाठी लिहावं लागणारं प्रकरण कुठल्याच रकान्यात बसेना. तृप्ती मॅडमनी मात्र बसमध्ये उभं राहून सांगितलं, की वह्या पुन्हा लिहायच्या आणि खऱ्या लिहायच्या. पान कोरं राहिलं तर राहू दे. मी सही करेन. त्यांनी हे दोनदा सांगितलं.

अडचण राहिली ती निकिताताईंची. दहा आजोबा नोंदीतून काढायचे होते. मृत्यू दाखवायचा तर दाखला लागत होता. त्यामुळे 'स्थलांतरित' हा एकच मार्ग होता, आणि त्यासाठी गावाचं नाव लागत होतं. निकिताताईंनी एकाला सुरगाण्याला पाठवलं, एकाला घोटीला, दोघांना नाशकात. सतरा नंबरच्या घरी त्या सही घ्यायला गेल्या तेव्हा मोठ्या जावेने कागद वाचला आणि परत दिला.

"आमचा म्हातारा कुठं जायचा नाय," ती म्हणाली.

"अगं, तुमचा नाहीच आहे तो."

"ते तुमच्याकडं. बिनसाखरेचा च्या ठेवलाय मी त्यांना. साडेधाला येतात ते."

धाकटी जाऊ तिच्या मागे उभी होती. तिनेही मान हलवली.

कुसाबाईही तशाच. त्या आता शेतावर जात नव्हत्या, कारण शेतावर गेल्यामुळे आपल्या घरात आजोबा आला, हे त्यांना नंतर कळलं होतं. त्यांची पहिली तक्रार होती की मला विचारलं नाही. दुसरी होती, की आता तो यायचा बंद झाला तर सून कोणाशी बोलणार.

शेवटी ठरवायचं काम बाबांवरच आलं. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी ते उजमाला बरोबर घेऊन बाकीच्या दहाही घरी गेले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, की आता वयाप्रमाणं एवढी घरं झेपत नाहीत. नऊ नंबरच्या लोकांनी बरं म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बारा नंबरच्या म्हाताऱ्याने, जो खरा तिथला आजोबा होता आणि नुकताच शेतावरून परतला होता, बाबांना बसवून घेतलं आणि तंबाखू दिली. एका घरातल्या बाईने डोळ्याला पदर लावला. बाबांना तिचं नाव आठवेना आणि त्यांनी ते उजमाला कानात विचारलं.

त्यांनी तीन घरं ठेवली. कुसाबाईंचं, सतरा नंबरचं, आणि वाडीच्या टोकाचं बत्तीस नंबर. ते का, असं उजमाने विचारलं.

"तिथं कोणी बोलत नाय," बाबा म्हणाले. "पण बाज चांगली हाय."

उजमाने आपली वही पुन्हा लिहिली. सून आणि नात तिने खोडली. सदस्य संख्या: एक. गरोदर बाईचं पान कोरं, बाळाचं कोरं, लसीकरणाचं कोरं. साखरेचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि जागा पुरेना म्हणून मागे एक कागद जोडलेला. पन्नासपैकी तिला एकतीस मिळाले. साक्षीला चौतीस. वहीच्या पहिल्या पानावर, व्याख्येशेजारी, उजमाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. परीक्षकांनी त्याभोवती गोल केला आणि बाजूला काहीच लिहिलं नाही.

फेब्रुवारीत मुलींची नेमणूक शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झाली. तिथे वॉर्डात इतकी माणसं असायची की कोणाला शोधायला जावं लागत नव्हतं. एका गुरुवारी उजमाची दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी निकिताताईंचा फोन आला. गुरुवार हा आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा दिवस.

"बाबांची साखर एकशे साठवर आली," त्या म्हणाल्या. "पण मला वेगळंच विचारायचंय. कार्डावर 'काळजी घेणारी व्यक्ती' म्हणून एकच नाव लिहिता येतं. आणि इथे माझ्यासमोर चौघं उभे आहेत. कुसाबाई, सतराच्या दोघी जावा आणि बत्तीस नंबरचा माणूस. तो बोलत नाहीये, पण जातही नाहीये."

"बाबा काय म्हणतात?"

"ते म्हणतात, उजमाचं लिहा."

उजमा वॉर्डाच्या दाराशी उभी होती. आतून कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं. आपण पन्नास किलोमीटर लांब राहतो, आपण त्या घरातल्या नाही, आणि यातलं कुठलंच कारण बाबांना पटणार नाही, हे तिला कळत होतं.

"ताई, रकाना किती मोठा आहे?" तिने विचारलं.

"दोन बोटं."

"मग अक्षर बारीक काढा," उजमा म्हणाली, "आणि सगळ्यांची लिहा." फोन खिशात टाकून ती हाक आली होती त्या कॉटकडे गेली.